बायोफीडबॅक : शिकवणारा कोण?

बायोफीडबॅकचे यंत्र कोणाचाही आजार बरा करत नाही. थर्मामीटर लावल्याने ताप उतरत नाही, तसेच हे. अंगाला लावलेले सेन्सर स्नायूंचा ताण, हृदयाचे ठोके, श्वास, बोटांचे तापमान किंवा मेंदूतल्या विद्युतलहरी टिपतात आणि पडद्यावरची रेघ किंवा कानातला आवाज म्हणून त्याच क्षणी रुग्णाला कळवतात. पुढचे काम रुग्णाचे. ती रेघ खाली यावी म्हणून शरीरात नेमके काय सैल सोडायचे, हे त्याने करून करून शिकायचे असते. 1969 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या तंत्राला बायोफीडबॅक हे नाव दिले, तेव्हापासून त्याचे मूळ रूप शिकवणीचेच आहे. मग निवड करतानाही यंत्र किती अद्ययावत आहे यापेक्षा शिकवणाऱ्याला आपला आजार कळतो का, हे आधी पाहायला हवे. जाहिराती नेमके याच्या उलट शिकवतात.

ही शिकवणी जिथे भक्कम पुराव्यावर उभी आहे, तो आजार चारचौघांत बोलायला संकोच वाटावा असा आहे. जुनाट बद्धकोष्ठतेच्या काही रुग्णांत आतड्यांचा दोष नसतो. शौचाच्या वेळी पोट जोर लावते, पण गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी उलट आवळले जातात. अशा माणसाने वर्षानुवर्षे इसबगोल घेतला तरी कुंथणे सुटत नाही. बायोफीडबॅकमध्ये गुदाशयात सेन्सर असलेली बारीक नळी बसवतात. रुग्ण जोर लावतो आणि जी रेघ उतरायला हवी ती चढताना त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. शेजारचा तज्ज्ञ सांगतो, श्वास रोखू नका, जोर पोटाने लावा, खालचे सैल सोडा. पाण्याचा छोटा फुगा बाहेर टाकण्याचा सरावही करून घेतात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा 109 रुग्णांपैकी काहींना आठवड्याला एक अशी पाच सत्रे दिली, बाकीच्यांना रेचक आणि सल्ला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या 80 टक्के, तर दुसऱ्यातल्या 22 टक्के रुग्णांना मोठा फरक पडला होता. पण या यशाआधी एक पायरी आहे. दोष स्नायूंच्या ताळमेळाचाच आहे, हे दाब मोजण्याच्या तपासणीतून ठरवलेले असते. निदानच चुकले, तर पडद्यावरची रेघ हवी तशी वळूनही उपयोग नाही.

त्याच तंत्राची दुसरी बाजूही पाहावी. लघवीवर ताबा न राहणाऱ्या 600 स्त्रियांची चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि 2020 मध्ये तिचे निष्कर्ष आले. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम सर्वांनाच शिकवला होता, निम्म्या जणींना सोबत बायोफीडबॅकचे यंत्रही दिले होते. दोन वर्षांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. चंचल, लक्ष न लागणाऱ्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या न्यूरोफीडबॅकचे, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींवरच्या बायोफीडबॅकचे, उदाहरण तर आणखी बोलके आहे. अमेरिकेतल्या 2021 च्या चाचणीत काही मुलांना खरा, तर काहींना नकळत खोटा फीडबॅक दिला गेला. मुले दोन्ही गटांतली सुधारली, आणि सारखीच. यावर पालक म्हणतील, सुधारली ना, मग बिघडले कुठे? बिघडले हे की सुधारणेचे श्रेय ज्याला मिळाले आणि ज्यासाठी पैसे घेतले गेले, ते तिचे कारण नव्हते. ठरावीक वेळी येणे, मोठ्या माणसाने शांतपणे लक्ष देणे, बसून सराव करणे यांचा वाटा असेल, तर तो मेंदूच्या रंगीत नकाशाशिवायही मिळू शकतो.

‘सुई नाही, औषध नाही, मग अपाय काय?’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. अपाय उशिराचा असतो. शौचातून रक्त जाणारा किंवा छातीत वारंवार धडधडणारा रुग्ण तणाव कमी करण्याच्या सत्रांत दोन महिने घालवतो, तेव्हा सेन्सर निरुपद्रवीच असतात, गेलेले दोन महिने नसतात. ‘क्वांटम’ असे भारदस्त नाव लावून सगळ्या शरीराचा हिशेब मांडणारी आणि आजार पळवण्याचे दावे करणारी यंत्रे या पंगतीत बसवूच नयेत. त्यांत रुग्ण काहीच शिकत नाही.

भारतात बायोफीडबॅकसाठी स्वतंत्र परवाना नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून माणसाची मूळ नोंदणी पाहावी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची. फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर असेल तर त्या त्या परिषदेची. 1981 पासून बायोफीडबॅकचे प्रमाणपत्र देणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ते असेल तर उत्तम, पण ते मूळ पात्रतेची जागा घेत नाही. आठवडाभराच्या कार्यशाळेचे चकचकीत प्रमाणपत्र तर नाहीच नाही.

इतके निकष लावले तर जिल्ह्याच्या गावी कोण मिळणार, हा आक्षेप रास्त आहे. पण वरची ब्रिटिश चाचणी इथेच कामी येते. निदान पक्के असेल आणि व्यायाम नीट शिकवणारा फिजिओथेरपिस्ट जवळ असेल, तर किमान लघवीच्या त्या तक्रारीसाठी तरी यंत्र नाही म्हणून मुंबई-पुणे गाठायची गरज नाही. म्हणून वीस सत्रांचे पॅकेज आगाऊ भरण्याआधी समोरच्याला एवढे विचारा : माझ्या तक्रारीचे निदान काय, ते कोणी केले, तुमचा नोंदणी क्रमांक कोणता, आणि हे यंत्र उद्या बंद पडले तर तुम्ही मला काय शिकवाल? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पैसे भरू नका.