खेळताना मुलं किंचाळतात तेव्हा

मैत्रिणींनो, दुपारची आवराआवर करून जरा पाठ टेकावी, तोच खाली पोरांची शिवाशिवी सुरू होते आणि अशी किंकाळी उठते, की काळजाचा ठोकाच चुकावा! धावत गॅलरीत यावं, तर सगळी खदखदून हसताहेत. मग आपला राग निघतो तो बहुधा मुलीवर. 'मुलीच्या जातीनं असं किंचाळू नये!' आणि मुलगा किंचाळला तर? 'मुलगाच तो, दंगा करायचाच.'

मुळात मुलं किंचाळतात का, ते पाहा. ज्याच्यावर राज्य आहे तो मागे लागला, की पळणाऱ्याला भीती वाटते. पण ती लटकी, हवीहवीशी भीती. छाती धडधडते, श्वास फुलतो आणि मनात दाटलेलं सांगायला तीन-चार वर्षांच्या मुलाजवळ पुरेसे शब्द नसतात. मग ते किंकाळीतून बाहेर पडतं. एकानं सूर लावला की बाकीचेही लावतात. स्वतःला आवरण्याची शक्ती वयाबरोबर हळूहळू येते. तेव्हा दहा वेळा सांगून ऐकलं नाही, तर तो दर वेळी हट्टच असतो असं नाही.

आता मुलगा-मुलगी हा भेद. लहानपणी दोघांचेही घशातले स्वरतंतू आखूड आणि जवळजवळ सारख्याच लांबीचे असतात. म्हणून दोघांचाही आवाज बारीक. मोठा फरक पडतो तो मुलाला कंठ फुटतो तेव्हा, साधारण १२ ते १४ व्या वर्षी. उलट, सतत ओरडून स्वरतंतूंवर गाठी येण्याचा त्रास लहान वयात मुलींपेक्षा मुलांमध्येच जास्त आढळतो. म्हणजे 'चालायचंच' म्हणून ज्यांना सोडून देतो, त्या चिरंजीवांच्या घशाकडे आधी बघायला हवं!

आपण दचकतो, त्यातही नवल नाही बरं का. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना नुसत्या किंकाळ्या ऐकवल्या, तेव्हा आनंदानं फोडलेली किंकाळी पुष्कळांना भीतीची वाटली. तेव्हा नुसत्या कानांवर विसंबू नका. एकदा डोकावून पाहा आणि मगच बोला.

करायचं काय? 'ओरडू नकोस' हे आपणच ओरडून सांगितलं, तर मूल तेच उचलतं. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा आणि हळू आवाजात सांगा. 'घरातला आवाज' आणि 'मैदानातला आवाज' असे दोन आवाज ठरवून द्या. घरात कुणी आजारी असेल, आजोबा निजले असतील, तर घरातला आवाज. पण संध्याकाळी तासभर मोकळ्यावर मनसोक्त ओरडू द्या. एक गोष्ट मात्र कडक पाळा: 'वाचवा, वाचवा' हे खेळात नको. ती हाक खऱ्या संकटासाठी राखून ठेवायची.

घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर घरगुती काढे पाजत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मूल एरवीही मोठ्यानंच बोलत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर कानही तपासून घ्या. कमी ऐकू येणारं मूलसुद्धा मोठ्यानं बोलतं.

आणि शेवटी लेकीबद्दल. कुणी नको तिथे हात लावला, तर मोठ्यानं 'नको!' म्हणायचं, तिथून पळायचं आणि विश्वासाच्या माणसाला सांगायचं, हे आज आपण मुलांना शिकवतो. पण जिनं जन्मभर 'हळू बोल, लोक काय म्हणतील' एवढंच ऐकलं, तिच्या तोंडून ऐन वेळी आवाज निघेल का? कुठे ओरडू नये हे सांगताना कुठे ओरडायचंच, हेही तिला सांगा. मुलालाही सांगा, त्यालाही त्याची तितकीच गरज आहे.

घरातलं वडीलधारं माणूस 'मुलीला जरा आवर' म्हणालं, तर वाद घालू नका. 'दोघांनाही सांगते हं, आई,' एवढंच म्हणा. आणि खरोखरच दोघांनाही सांगा!