बारभाईंच्या मळ्यात वाटा कोणाचा?

‘बारभाईंची शेती, काय लागेल हाती’ ही म्हण आपल्याकडे इतक्या सहजपणे तोंडावर फेकली जाते की, ती ऐकल्यावर पुढे विचार करण्याचे कोणाला कारणच उरत नाही. गेल्या महिन्याभरात मी ती निदान वीस वेळा ऐकली असेल. निमित्त असे की, आमच्या गल्लीतील घरांनी मिळून गावालगतची दहा गुंठे पडीक जमीन खंडाने घ्यावी व तीत सर्वांसाठी भाजीपाला लावावा, असा एक बेत हळ्ळीखेडमध्ये शिजत आहे. विहीर जमिनीतच आहे. प्रत्येक घराने दोन हजार रुपये भरायचे, भाजीचे वाटे भरलेल्या पैशांच्या प्रमाणात पाडायचे, आणि मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. आई म्हणते, पडावे यात. वडील म्हणतात, एक वर्ष थांबून पाहावे. माझे मत दोघांहूनही थोडे निराळे आहे, तेच येथे मांडते.

प्रथम आकडे पाहू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. माणसाने रोज निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात पाच माणसे धरली तर दिवसाला दोन किलो, आणि गल्लीतील अकरा घरांना बावीस किलो. एवढा माल पाव एकरातून बारा महिने निघेल, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. कोल्हापूरचे गणितज्ञ श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे दहा गुंठ्यांचा हिशेब मांडला होता, पण तो पाच माणसांच्या एका कुटुंबासाठी, आम्ही तर तेवढ्याच जमिनीवर पंचावन्न तोंडे आणून उभी करीत आहोत. तेव्हा ‘बाजारात जायलाच नको’ ही भाषा कोणी करू नये. मात्र मेथी, शेपू, कोथिंबीर आणि पुंडी (जिला मराठीत अंबाडी म्हणतात) या पाल्यांना जागा थोडी लागते, महिन्या-दीड महिन्यात त्या हाती येतात, आणि भाव चढले की गरिबाच्या पिशवीतून आधी याच गळतात. बागेचा खरा उपयोग इतकाच आहे, आणि तो थोडा नाही.

दुसरी गंमत अशी की, भाजीला अखेरचा साठा नसतो. आमच्या हिशेबाच्या पुस्तकात वर्षअखेर शिल्लक माल दाखवून नफा काढता येतो. भेंडी एक दिवसाआड तोडली नाही तर ती जून होते आणि तिचा नफा गाय खाते. त्यामुळे या धंद्यात पैशापेक्षा वेळेवर उभ्या राहणाऱ्या माणसाला किंमत अधिक. आणि बारभाईंची शेती बुडते ती नेमकी येथे. मराठीत ‘उद्या’ आणि कन्नडमध्ये ‘नाळे’ हे दोन्ही शब्द आमच्या गल्लीत सारख्याच गोडीने उच्चारले जातात.

सामायिक वस्तूचा नाश ठरलेलाच असतो, हे म्हणणे गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली एका गाजलेल्या लेखात मांडले. आपली म्हणच त्याने इंग्रजीत सांगितली म्हणा ना! पण एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने नेपाळचे पाट, स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची रानवने अशी उदाहरणे तपासून दाखवले की, वापरणाऱ्यांनीच नियम केले, त्यांनीच पाळत ठेवली आणि चुकणाऱ्यास आधी लहान व मग मोठा दंड लावला, तर सामायिक वस्तू शतकानुशतके टिकते. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री. म्हणजे बारभाई असणे हा दोष नव्हे. बारभाईंत काय ठरले आहे, हे पाहावे लागते.

आमच्याकडे काय ठरले आहे? अकरा घरांपैकी नऊ घरांनी होकार दिला आहे. उरलेली दोन घरे रोजंदारीवर जगतात. त्या घरांतल्या बायका उसाच्या आणि तुरीच्या रानात खुरपायला जातात. एकदम दोन हजार रुपये त्यांच्याजवळ नाहीत, म्हणून त्यांना ‘पुढच्या वर्षी बघू’ असे सांगण्यात आले. आता नऊ घरांकडे पाहा. एक किराणा दुकानदार, दोन मास्तर, एक लाइनमन, बाकीचे असेच. यांपैकी वाफा कोणाला बांधता येतो? शेवटी खुरपायला, पाणी द्यायला त्याच दोन घरांतल्या अक्का मजुरीने बोलावल्या जाणार. बागेला नाव ‘सर्वांची बाग’, आणि आत नऊ मालक व दोन मजूर! गावात जे चित्र शेकडो एकरांवर आहे, तेच दहा गुंठ्यांत काढायला वर्गणी कशाला हवी?

यावर ‘ज्याचा पैसा त्याचा वाटा, हा व्यवहार आहे’ असे मला सांगतात, आणि तेही वाणिज्याच्या विद्यार्थिनीला! आमची बाग काही भागीदारी संस्था नव्हे, पण दाखलाच हवा असेल तर १९३२ चा भागीदारी कायदा उघडावा. वेगळा करार नसेल तर नफा-तोटा सर्व भागीदारांत सारखा वाटावा, असे तो सांगतो. भांडवलाच्या प्रमाणात नव्हे. कोणी भागीदार नुसते कसब आणि कष्ट घेऊनही येऊ शकतो. सहकारी संस्थेत तर भाग कितीही घ्या, मत एकच. देशातील पहिली कृषी सहकारी पतसंस्था १९०५ साली आपल्याच राज्यात, गदगजवळच्या कणगिनहाळला निघाली. आणि ज्या हळ्ळीखेडचे नाव सहकारी साखर कारखान्यामुळे जिल्ह्याबाहेर गेले, तेथे हे समजावून सांगावे लागावे?

पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर जी पाणी पंचायत उभी केली, तिचा नियम मला फार आवडतो. पाणी जमिनीच्या मानाने द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या मानाने द्यायचे. माणशी अर्ध्या एकराचे, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. उसाला बंदी. (हा शेवटचा नियम आमच्या गावात मोठ्याने वाचू नये!) आणखी जवळचे पाहायचे तर बिदरच्या पलीकडे तेलंगणात, जहीराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी १९८३ पासून काम करते. तिच्या संघमांतल्या गरीब, बहुतेक दलित स्त्रियांनी पडीक जमिनी मिळून खंडाने घेतल्या व मिळून कसल्या. २०१९ साली त्यांना संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आमच्यासारखाच पडीक जमिनीचा बेत तो; फरक एवढाच की, तेथे ज्यांना खुरपे धरता येत होते त्याच भागीदार झाल्या.

माझे म्हणणे साधे आहे. घराने दोन हजार रुपये भरावेत किंवा तेवढ्या मोलाचे काम द्यावे. बाईची दिवसाची मजुरी तीनशे रुपये धरली तर ते जेमतेम सात दिवस होतात. वडिलांचा आक्षेप असा की, बी-बियाणे, कुंपणाची तार आणि मोटारीची दुरुस्ती काही मजुरीच्या दिवसांनी येत नाही. आक्षेप खरा आहे. पण नऊ घरांचे अठरा हजार जमणारच आहेत, आणि खुरपणीवर जाणारा पैसा त्यातून वाचेल तो वेगळाच. दुकानदारकाकांनी विचारले, ‘मग मीही पैसे न देता कामच केले तर?’ अवश्य करावे. पहाटे साडेपाचला विहिरीवर यावे. चैत्र-वैशाखात पाणी खाली गेले की पाळी घरटी लागावी, आणि ती चुकवणाऱ्याचा त्या आठवड्याचा वाटा कमी व्हावा, मग तो कोणीही असो. भाजीचे वाटेही घरटी, सारखे. ज्या जिल्ह्यात बाराव्या शतकात बसवण्णांनी कायकाला पूजेचे मोल दिले, तेथे कष्टाचा रकाना वहीत असावा, ही मागणी काही परकी नाही.

‘हळ्ळी’ म्हणजे गाव आणि ‘खेड’ म्हणजेही गाव. असे दोन भाषांत दोनदा गाव असलेल्या आमच्या गावात येत्या रविवारी बैठक आहे. मी वहीत दोन रकाने आखून ठेवले आहेत, एक रुपयांचा, एक दिवसांचा. डोक्यावर ‘वाटा’ आणि ‘पालु’ असे दोन्ही शब्द लिहिले आहेत. त्या दोन घरांतल्या अक्कांनाही निरोप दिला आहे आणि बैठक त्या कामावरून परतल्यावर, संध्याकाळी सातला ठेवायला लावली आहे. पहिल्या पानावर अकरा नावे पडली, तर आमचे नाव मी स्वतः लिहीन. नऊच राहिली तर आईने भाजी बाजारातूनच आणावी, आणि वही दुसऱ्या कोणी लिहावी.