माथाडीचा मुलगा आणि ॲपची विद्या

मोबाइलवरील ॲप बनविण्यास शिका, म्हणजे नोकरीसाठी कोणाच्या दारी जावे लागणार नाही, असा उपदेश आज श्रमिकांच्या मुलांना सतत ऐकविला जातो. एपीएमसी मार्केटमध्ये पाठीवर पोती वाहून ज्यांनी मुलांना शिकविले, त्या कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींतही हेच स्वप्न विकले जात आहे. आक्षेप या विद्येवर नाही. बेकारीचा सामाजिक प्रश्न व्यक्तीच्या ‘कौशल्या’चा प्रश्न ठरवून हात झटकणाऱ्या युक्तिवादावर आहे.

पहिली गोष्ट अशी की, ॲप बनविणारा त्यामुळे मालक होत नाही. त्याचा माल बहुतांशी गूगल आणि ॲपल या दोन कंपन्यांच्या पेठेतच खपतो. तेथील नियम आणि दलाली त्याच ठरवितात. प्ले स्टोअरमधील मक्तेदारीच्या गैरवापराबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 936 कोटी रुपयांचा दंड केला. मार्च 2025 मध्ये अपिलात तो सुमारे 217 कोटींवर आला. बाजार समितीतील अडत आणि हमाली निदान कायद्याच्या कक्षेत तरी आणता आली. या जागतिक अडत्यांना कोण बांधणार?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ॲप चालविणाऱ्या कंपन्या म्हणतात, ‘आम्ही केवळ मध्यस्थ, कामगार आमचा नव्हे.’ हा युक्तिवाद मुंबईच्या हमालाला नवा नाही. तो दिवसात अनेक व्यापाऱ्यांचा माल उचले आणि प्रत्येक व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला आणि त्याने या पळवाटेला उत्तर दिले. सरकार, मालक व कामगार यांचे त्रिपक्षीय मंडळ, नोंदीत मालक, नोंदीत टोळी, मजुरी मंडळामार्फत आणि मजुरीवर लेव्ही; त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, औषधोपचार. मालक अनेक आणि कामगार एक, हा गुंता संगणकाशिवाय, निव्वळ नोंदवह्यांच्या बळावर सुटला. म्हणजे अडचण तंत्राची कधीच नव्हती.

याउलट, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता गिग कामगाराची व्याख्याच पारंपरिक मालक-कामगार संबंधांच्या बाहेरचा माणूस अशी करते. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधी द्यावा, तोही कामगारांना देय रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, एवढ्यावर तिची धाव संपते. किमान वेतनाची हमी तीत नाही. बापाने लढून मिळविलेला हक्क मुलाला नाकारणारी ही प्रगती कोणाची?

तथापि यंत्राकडे पाठ फिरविणे हेही उत्तर नव्हे. चळवळीतील काहींना संगणक म्हटला की कपातच दिसते. त्यामुळे मैदान भांडवलाला मोकळे मिळते. माथाडीच्या मुलांनी ही विद्या जरूर शिकावी, पण ती मराठीतून, फुकट आणि संघटनेच्या छत्राखाली मिळाली पाहिजे. टोळीची हजेरी, उचललेल्या मालाची नोंद, जमा लेव्ही आणि थकबाकी कामगाराला स्वतःच्या मोबाइलवर दिसेल असे ॲप त्यांनी बनवावे. त्याची मालकी मंडळाकडे किंवा कामगारांच्या सहकारी संस्थेकडे राहावी. आणि घरपोच माल पोहोचविणाऱ्या तरुणांसाठी 1969 च्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळाची मागणी कार्यकर्त्यांनी रस्त्यावर आणावी.

ॲप शिकणे सोपे आहे. ते कोणाच्या हुकमाने चालावे, हा प्रश्न मात्र वर्गात सुटणारा नाही. तो संघटनेनेच सोडवावा लागेल.