लेखी ‘नाही’ तरी द्या!

दिवाळीच्या अंकात गाऱ्हाणे मांडू नये, असा घरंदाज संकेत आहे. फराळाच्या ताटात कारले वाढण्यासारखेच ते! पण आमच्या पालघरच्या मुलखात आकाशकंदील उतरतात न उतरतात, तोच जव्हार-मोखाड्याची कुटुंबे बोचकी बांधून वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्याविषयी चार शब्द बोलायचे, तर ती निघण्यापूर्वीच बोलले पाहिजेत.

मध्यंतरी बोईसरच्या एका सेवा केंद्रात बसलो होतो. सूर्या नदीपलीकडच्या पाड्यावरून एक बाप मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी आला होता. खेप तिसरी. काचेआडचा पोरगा अदबीने म्हणाला, “काका, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या.”

“उद्या नक्की का, दादा?”

पोरगा नुसता हसला. त्या बिचाऱ्याला तरी काय ठाऊक! बाप निघून गेला. कारखान्यातली एका दिवसाची मजुरी बुडाली, गाडीभाडे गेले, आणि हाती काय आले? पावती नाही, चिठ्ठी नाही, साधा नकारसुद्धा नाही!

माझे भांडण आहे ते या रित्या हाताशी.

महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा केला. कायदा चांगला आहे. ठरल्या मुदतीत सेवा द्यावी, नाकारल्यास कारण लेखी कळवावे, त्यावर अपील करता यावे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड व्हावा, असे सारे त्यात आहे. पण मुदत मोजायची केव्हापासून? अर्ज दाखल झाल्यापासून! आणि यंत्राने अर्ज घेतलाच नाही तर? मग अर्ज नाही म्हणून विलंब नाही, आणि विलंब नाही म्हणून कोणी दोषीही नाही. जिल्ह्याच्या मुख्यालयात कोणी प्रलंबित अर्जांचा आकडा पाहिला, तर हा बाप त्यात सापडायचा नाही. तीन खेपा घालूनही तो सरकारदरबारी एकदाही आलेला नाही!

रेशनच्या दुकानातही हीच तऱ्हा. विटा थापून, जाळी ओढून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्राला पटेलच असे नाही. केंद्राच्या अन्न खात्याने २०१७ सालीच राज्यांना बजावले होते की, अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी आणि वहीत नोंद करून धान्य द्यावे. हुकूम दिल्लीहून निघाला. तो पाड्यावरच्या म्हातारीला सांगणार कोण? कष्टाने झिजलेले बोट ही कष्टकऱ्याची खरी ओळख. तीच येथे त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते!

“म्हणजे तुम्हाला पुन्हा ती धुळीची दप्तरे आणि तलाठ्याचे उंबरठे हवेत की काय?” असे एखादे सुशिक्षित गृहस्थ विचारतील. मुळीच नकोत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही मोठीच सोय झाली. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाला आता तिथल्या दुकानातून रेशन घेता येते, हेही खरे. पण तेथेही पुन्हा अंगठाच आडवा येतो. जुना कारकून खेकसत असे, चिरीमिरी मागत असे. पण त्याला नाव होते, त्याच्यावर साहेब होता, त्याच्याशी भांडता येत असे. सर्व्हरशी भांडायचे कोणी आणि कसे?

आमच्या तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. अणुभट्टी पेटवण्याआधीच तेथले शास्त्रज्ञ विचार करतात की, काही बिघडले तर काय करायचे. बाहेरची वीज गेली तर डिझेलची जनित्रे सज्ज असतात. २००६ साली राष्ट्रीय ई-प्रशासन योजना मंजूर झाली, २०१५ साली ‘डिजिटल इंडिया’चा डंका वाजला, पण यंत्र मिटले की खिडकीवरच्या माणसाने काय करायचे, याची तजवीज बोईसरच्या त्या खिडकीपर्यंत पोहोचलेली मला तरी दिसली नाही.

मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रात एक छापील चिठ्ठीबुक ठेवा. यंत्र अडले, तर माणसाचे नाव, काम, तारीख, वेळ आणि अडचणीचे कारण लिहून, खाली सही करून चिठ्ठी त्याच्या हाती द्या. आणि कायद्याची मुदत त्या चिठ्ठीच्या तारखेपासून मोजा. रेशनच्या दुकानात अंगठा न जुळल्यास काय करायचे, याची पाटी सोप्या मराठीत लावा आणि नोंदीची वही उघडी ठेवा. याला ना कोट्यवधींचा खर्च, ना परदेशी तज्ज्ञ. सरकारचे यंत्र चुकले, तर त्याची मजुरी सरकारने सोसावी. पाड्यावरच्या बापाने नव्हे.

आणि वाचकहो, थोडे काम तुमच्याकडेही आहे. दिवाळीची सुट्टी संपली की तुम्हीही कुठल्या तरी दाखल्यासाठी रांगेत उभे राहाल. “सर्व्हर डाऊन” ऐकून मुकाट्याने परतू नका. “तेवढे लिहून द्या,” असे सभ्यपणे, पण ठणकावून म्हणा. तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला कदाचित ते म्हणण्याचे धैर्य होत नसेल. त्याच्यासाठी म्हणा.