मोबाईलवरचं शिबिर



‘आता प्रशिक्षण मोबाईलवरच घ्यायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न गटांच्या बैठकांमध्ये हल्ली वारंवार येतो. २०२०च्या टाळेबंदीत बहुतेक संघटनांनी तेच केलं. हॉलचं भाडं नाही, प्रवासखर्च नाही, जेवणाची व्यवस्था नाही. अनुदान देणाऱ्यांनाही हा हिशेब पसंत पडतो. पण आपला हिशेब फक्त पैशांचा असून चालेल का?

दुरून शिकणं आपल्याला नवं नाही. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्यांना पुन्हा शिकण्याची वाट मिळाली. तिथेही पुस्तकं घरी पाठवून भागलं नाही, अभ्यासकेंद्रं आणि संपर्कसत्रं ठेवावीच लागली. एकटीने वाचलेलं चारचौघींत बोललं की पक्कं होतं, हे आपणही शिबिरांमधून अनुभवलं आहे.

आपल्या रोजच्या कामातलं उदाहरण घेऊ. कौटुंबिक हिंसाचाराविरोधी कायदा २००५चा, तो ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे, राहत्या घरात बाईला हक्क आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवता येते, ही माहिती मोबाईलवर चांगली शिकवता येते. दहा मिनिटांचा ध्वनिमुद्रित पाठ अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा हवा तेवढ्या वेळा ऐकू शकते. शिबिरात मात्र एकदा सुटलेलं वाक्य सुटतंच.

पण मार खाऊन आलेली बाई समोर बसली की काय करायचं? तिला मध्येच न तोडणं, ‘तू काय केलंस?’ असं न विचारणं, पोलीस ठाण्यात तिच्या बाजूने ठामपणे उभं राहणं, हे पडद्याकडे बघून अंगवळणी पडत नाही. त्यासाठी प्रसंग उभा करून पाहावा लागतो, मैत्रिणींनी ‘इथे तुझा आवाज चढला’ असं सांगावं लागतं.

दुसरा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात स्वतः वापरता येईल असा मोबाईल सुमारे ५४ टक्के बायकांकडेच होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के होत्या, तर पुरुष ५७ टक्के. म्हणजे अनेक घरांत फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा. ज्याच्या हिंसेबद्दल बोलायचं तो त्याच खोलीत बसलेला असेल, तर ती बोलणार काय? टाळेबंदीत, एप्रिल २०२०मध्ये, राष्ट्रीय महिला आयोगाला तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू करावा लागला. घरातून फोनवर बोलणंही अनेकींना अवघड झालं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की माहिती फोनवर द्यावी, मन मोकळं करणं आणि सराव समोरासमोर व्हावा. क्रमही ठरवावा: आधी भेट, मग पाठ, मग पुन्हा भेट. पहिल्याच भेटीत प्रत्येकीला विचारावं, फोन कोणाच्या हातात असतो? कोणत्या वेळी ऐकू शकशील? तुझ्याकडे आलेला निरोप कोण वाचतं? जिच्याकडे फोन नाही तिने शेजारणीबरोबर ऐकावं. तीन-चौघींनी एकत्र ऐकलं तर चर्चाही आपोआप होते. आणि प्रवासखर्चात जे पैसे वाचतील ते रिचार्जसाठी आणि भेटीच्या दिवशी मुलं सांभाळण्याच्या सोयीसाठी वापरावेत.

अनुदान देणाऱ्यांना हे आपणच ठामपणे सांगायला हवं. शिबिर हा वाचवण्याजोगा खर्च नाही. कित्येक बायकांसाठी घराबाहेर मोकळेपणी बोलण्याची ती एकमेव जागा असते. ती जागा गेली तर फोनवरचे शंभर पाठही ती भरून काढणार नाहीत.

तुमच्या गटाने ही सांगड कशी घातली? काय जमलं, काय फसलं? जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यावर चर्चा करू.

— संपादक