नियत वयोमान आणि रिकाम्या खुर्च्या

बीड जिल्ह्यातील कोणत्याही तहसील कचेरीत, पंचायत समितीत वा जिल्हा परिषदेच्या शाळेत मे महिन्याच्या अखेरीस निरोपसमारंभांची जी दाटी दृष्टीस पडते, तिचे मूळ शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे. कारण ज्या पिढीच्या जन्माची नोंद घरी कोणी ठेवलीच नव्हती, त्या पिढीतील असंख्य मुलांना शाळेत नाव घालतेवेळी गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख सरसकट बहाल केली, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेल्या कर्मचाऱ्याने आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त व्हावे असा नियम असल्यामुळे ती सारी मंडळी अठ्ठावन्न वर्षे भरताच ३१ मे रोजी एकदम सेवामुक्त होतात. ज्या वयाच्या आधारावर माणसाला दफ्तराबाहेर काढायचे ते वयच एखाद्या मास्तरांच्या अंदाजातून निघालेले असावे, यातील विनोद सरकारी सेवापुस्तकाला कळत नाही.

हे नियत वयोमान ५८ वरून ६० करावे अशी राज्यातील अधिकाऱ्यांची मागणी जुनी आहे, आणि तिच्यामागे युक्तिवाद नाही असे नाही. केंद्र सरकारने आपल्या नोकरांची वयोमर्यादा १९६२ साली ५५ वरून ५८ व १९९८ साली ६० केली. खुद्द महाराष्ट्रातही चतुर्थ श्रेणीचा शिपाई साठाव्या वर्षापर्यंत काम करतो, मग त्याच्या साहेबाचीच कार्यक्षमता दोन वर्षे आधी कशी संपुष्टात येते, असा प्रश्न विचारला जातो. उलट बाजूस, गेवराईपासून परळीपर्यंतच्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी आणि पुण्यात खोली भाड्याने घेऊन स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तारुण्य घालविणारी मुले आहेत. शासकीय सेवेत प्रवेशाची कमाल मर्यादा सर्वसाधारण उमेदवारास ३८ आणि मागासवर्गीयास ४३ वर्षे असल्यामुळे, वरची जागा दोन वर्षे अडली की खालच्या उंबरठ्यावरचा कोणी ना कोणी कायमचा बाद होतो, हे त्यांना गणिताशिवाय कळते.

माझे मत सक्तीच्या निवृत्तीच्या बाजूचे आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्याचे कारण नव्हे. ती म्हण रचणाऱ्याने आपल्या गावातील साठी उलटलेल्या सावकाराचा हिशेब तपासलेला दिसत नाही. खरे कारण या प्रदेशाच्या इतिहासात आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात राहिलेल्या या मुलखाने देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी आणि कुलकर्णीपण ही वतने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली; वतनदार मरेपर्यंत हुद्द्यावर असे आणि मेल्यावर त्याचा मुलगा त्याच हुद्द्यावर बसे, आणि रयतेला त्याच्यापासून सुटका अशी नव्हतीच. सार्वजनिक अधिकार ही कोणाची खासगी मालमत्ता नाही, ती मुदतीने सोपविलेली जबाबदारी आहे, हे तत्त्व आपण वतने मोडून स्वीकारले. नियत वयोमान हे त्या तत्त्वाचेच रोजच्या व्यवहारातील रूप आहे. कर्तबगार तहसीलदार अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी जातो हे नुकसान खरे, परंतु कर्तबगार कोण हे ठरविण्याचा अधिकार वरिष्ठांच्या मर्जीवर सोपविला तर मुदतवाढ कोणाला मिळेल, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र ‘तरुणांसाठी ज्येष्ठांनी जागा सोडावी’ हे वाक्य जेव्हा शासनाच्या मुखातून येते, तेव्हा त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी दोन घटना आठवाव्यात. १९८३ साली नंदमुरी तारक रामाराव यांच्या आंध्र प्रदेश सरकारने बेकारांना संधी मिळावी म्हणून निवृत्तीचे वय ५८ वरून एकाएकी ५५ वर आणले. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली के. नागराज खटल्यात तो निर्णय वैध ठरविला खरा, पण निकाल लागेपर्यंत खुद्द तेथील शासनानेच मर्यादा पुन्हा ५८ करून टाकली होती, आणि आज तेथे ती ६२ आहे. तरुणांच्या नावाने घेतलेला निर्णय दीड-दोन वर्षेही टिकला नाही. आणि वय वाढविण्यात शासनाचा एक स्वार्थ नेहमी असतो: उपदानाची आणि रजा रोखीकरणाची रक्कम तेवढी वर्षे पुढे ढकलली जाते.

दुसरी घटना आपल्या घरची आहे. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर, नियमित भरती होईपर्यंत, सेवानिवृत्त शिक्षकांना दरमहा २० हजार रुपयांच्या मानधनावर कंत्राटी पद्धतीने नेमण्याचा आदेश काढला आणि त्यासाठी वयाची मर्यादा ७० ठेवली. म्हणजे ज्याला नियमाने अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोपाचा नारळ दिला, त्यालाच त्याच वर्गावर परत बोलावायचे, आणि डी.एड.-बी.एड. होऊन पवित्र पोर्टलच्या यादीकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला सांगायचे की थांब. यात वृद्धाचा सन्मान नाही आणि तरुणाचे हित नाही. निवृत्तिवेतन चालू असल्यामुळे जो थोडक्या मानधनात राजी होतो, अशा माणसाकडून पूर्ण पगाराच्या जागेचे काम स्वस्तात करून घेण्याची ती युक्ती आहे. त्या गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. दोष त्या दफ्तराचा, ज्याला अमुक शिक्षक अमुक तारखेस निवृत्त होणार हे त्याच्या नेमणुकीच्या दिवसापासून ठाऊक असते आणि तरीही ती जागा रिक्त झाल्याचे आश्चर्य वाटते.

निवृत्त होणाऱ्याची जागा त्याच्या पुढच्या पिढीला मिळावी असा पक्का बंदोबस्त महाराष्ट्रात एका कामासाठी मात्र आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला की त्याच्या वारसाला ती नोकरी मिळते. गटारात उतरण्याचा वारसा कायम राहावा याची शासनाने जितकी तजवीज केली, तितकी प्राथमिक शाळेतील रिकाम्या खुर्चीची केली नाही. त्या कामगारांच्या दृष्टीने ती हमी मोलाची आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु वतने मोडल्याचा अभिमान बाळगणाऱ्या राज्यात हेच एक वतन टिकावे, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

आणि या साऱ्या चर्चेत बीड जिल्ह्याचा खरा कामकरी कोठे आहे? दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जाणाऱ्या ऊसतोड कामगाराला नियत वयोमान नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाकडून उचल घेतली की हंगामभर ती फेडायची, आणि अंगात बळ उरले नाही की उचल मिळेनाशी होते. तीच त्याची सेवानिवृत्ती. मग गावी राहून नातवंडे सांभाळायची. त्याच्यासमोर ५८ की ६० हा वाद उच्चारणेदेखील संकोचाचे आहे, पण त्याचाच मुलगा आज शिक्षकाच्या किंवा पोलीस शिपायाच्या जागेसाठी रांगेत उभा आहे, म्हणून तो वाद त्याच्याही दारात येतो.

तेव्हा वयोमान ५८ राहू द्यावे. चतुर्थ श्रेणीचे ६० ही तसेच. जी जागा निवृत्तीने रिकामी होणार आहे तिची जाहिरात आदल्या वर्षीच निघावी, आणि पात्र उमेदवार उपलब्ध असताना निवृत्त माणसाची कंत्राटी नेमणूक करण्यास कायद्याने मनाई असावी. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात एखाद्या विषयाचा प्राध्यापक खरोखरच मिळत नसेल तर तो अपवाद समजू. बीडच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढाच एक प्रश्न विचारावा, की गेल्या पाच वर्षांत या जिल्ह्यात जितके शासकीय कर्मचारी निवृत्त झाले त्यांपैकी कितींच्या जागी कायम नेमणुकीचा, पूर्ण वेतनाचा माणूस रुजू झाला. आणि उत्तर येईपर्यंत तो प्रश्न मागे घेऊ नये.