निळ्या दिव्याआधी आरसा

दंतवैद्यकाच्या परिषदांत हल्ली एखाद्या स्टॉलवर तोंडाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठीचा निळा दिवा हमखास दिसतो. 400 ते 460 नॅनोमीटरचा प्रकाश तोंडात टाकला की पेशींतले एफएडी हे सहविकर आणि खालच्या थरातले कोलॅजेन हिरवे चमकतात. डिस्प्लेसियात, म्हणजे कर्करोगपूर्व पेशीबदलात, कोलॅजेनची वीण मोडते, रक्तपुरवठा वाढतो, हिमोग्लोबिन प्रकाश शोषते आणि ती जागा काळी पडते. ना रंग लावायचा, ना सुई टोचायची. मोह पडणारच.

पण सातारा-सांगलीतली तोंडे वेगळी आहेत. बायकांची मिश्री, पुरुषांच्या गालातला तंबाखू-चुना आणि 2012 च्या बंदीनंतरही न हटलेला गुटखा. 2016-17 च्या पाहणीत राज्यातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे निघाले. काळवंडलेल्या हिरडीतले मेलॅनिन प्रकाश शोषते. चुन्याने पोळलेली, सुजलेली जागाही काळीच दिसते. आरशाच्या पाठीने दाबल्यावर काळेपणा विरला तर दाहाची शक्यता जास्त, पण खात्री नव्हे. उलट जाड पांढरा चट्टा केराटिनमुळे उजळ दिसून खालचा धोका झाकतो. खोट्या भीतीपेक्षा हा खोटा दिलासा मला अधिक घातक वाटतो.

व्हँकुव्हरच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवले, की चमक हरवलेला भाग दिसणाऱ्या गाठीच्या पुढे 25 मिलिमीटरपर्यंत पसरू शकतो. शस्त्रक्रियेच्या कडा त्यावरून ठरवाव्यात, अशी आशा वाढली. 2020 च्या यादृच्छिक चाचणीत मात्र अशा शस्त्रक्रियेने स्थानिक पुनरुद्भव कमी झाला नाही. दिसणाऱ्या चट्ट्यासाठी या दिव्यावर विसंबू नका, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2017 मध्येच सांगितले होते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात तर प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली आणि तंबाखू-दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले. तो निष्कर्ष 2005 चा.

कऱ्हाड-सांगलीच्या दंत महाविद्यालयांत पॅथॉलॉजी हाताशी असते. तिथे जुन्या ल्युकोप्लेकियावर (पांढऱ्या चट्ट्यावर) लक्ष ठेवायला किंवा बायोप्सीची जागा निवडायला दिवा जरूर वापरावा. जत, आटपाडी, दहिवडीच्या दवाखान्याने मात्र आधी बायोप्सी पंच आणि फॉर्मॅलिन आणावे, पॅथॉलॉजिस्टशी बोलून ठेवावे. दाढ काढायला आलेल्याच्याही जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि गालाचे कोपरे आरशाने पाहा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिव्याखाली हिरवी दिसली, तरी बायोप्सी टाळू नका.